सुनंदाची सायकल

५ जानेवारी १९७६, लोणंद
सुनंदाचं नाव सांगलीच्या मुलींच्या सायकल शर्यतीत गेलं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. सरळ रस्त्याची असती तर एक वेळ… ही गावातच, त्याच चार चौकांतून फेऱ्यांवर फेऱ्या. म्हणजे वळणंच वळणं.
ह्यांचा ट्रक खंबाटकी घाटातल्या वळणावरच दरीत गेला, ह्यांच्यासकट. पोरगी विसरलेली नाही, पण बोलत नाही. मीही नाही.

८ जाने.
घरी ह्यांची सायकल आहे. काळी, जड, मडगार्ड, कॅरिअर, सगळं जागच्या जागी. म्हटलं, हीच ने.
"आई, ही म्हस हाय. मी वळवंस्तोवर बाकीच्या फुडच्या चौकात."
म्हटलं, म्हशीवरून पडून कोणी मेलेलं ऐकलं नाही. ती हसत सुटली. मी हसवायला बोलले नव्हते.

११ जाने.
सायकलवाल्या दस्तगीरभाईंकडे एक जुनी शर्यतीची आहे. हँडल खाली वाकलेलं, टायर बोटाएवढे. मी एका हाताने उचलली. लगेच खाली ठेवली.
विचारलं, दोन्हींतली पडणार नाही ती कुठली?
"वैनी, पडायचं म्हटलं तर दोनीवरनं पडतंय. जड हाय ती वळणाला बाहेर जाती, हलकी हाय ती घसरती. तुमाला कंचं भ्या वाटतंय तेवढं सांगा."
ती चार दिवस चालवून बघायला मागून घेतली.

संक्रांत
भाऊजी आले. "वैनी, पोरीला स्थळं बघायची का सायकली? त्वांड फुटलं तर कोण करंल?"
सुनंदा म्हणाली, "काका, तीळगूळ खाल्लासा न्हवं? मग ग्वाड बोला की."
ते गेल्यावर मी तिलाच रागावले. भाऊजींचं म्हणणं माझ्याही मनात होतंच.

१८ जाने.
काल वाचनालयात सायकलीवर पुस्तक शोधलं, मिळालं नाही. सकाळी कांद्याच्या रिकाम्या बाजारात दोन्ही सायकली नेल्या. पोती ठेवून वळण केलं. ह्यांच्या सायकलवर ती बाहेर फेकली गेली. ब्रेक दाबूनही थेट भिंतीपाशी. हलकीवर इतकी कलली, की मी डोळे मिटले. उघडले तर ती वळून पुढे गेलेली. म्हटलं पुन्हा वळ. पुन्हा मिटले. असं किती वेळा.
शेवटी पोत्याला धरून उभी राहिले आणि पाहिलं. एवढी कलूनही चाक घसरलं नाही.
हलकी घ्यायचं ठरलं. ठरल्यावर जेवण गेलं नाही.

२५ जाने., सांगली
सकाळी दोघी रस्ता चालून आलो. ती म्हणाली, "आई, तू शेवटच्या रेघंपाशी थांब." म्हटलं नको, मी या वळणाला थांबते. इथे कुणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडली आहे. कापडाच्या दुकानातून खराटा मागून झाडायला लागले. दुकानदार म्हणाला, "आवं मावशी, तुमाला नगरपालिकेनं पाठीवलंय का?" म्हटलं, माझी पोरगी येणार आहे इथून. मग त्याने पायरीवर बसायला जागा दिली, तिथेच हे लिहिते आहे.
पलीकडच्या कडेला अजून वाळू दिसते. मघाशी कशी दिसली नाही…
शर्यत सुटल्याची शिट्टी झाली.