डब्यातली गांडुळं

११ फेब्रु. ७४
गौराक्कांकडे येऊन महिना झाला. मोगऱ्याच्या चाळीस डब्यांना पाणी घालायचं, बदल्यात पडवीत झोप नि भाकरी. बाई लिंगायत, गजरे विकतात. घरात अंडंसुद्धा चालत नाही.
आज एका डब्यात गांडुळं दिसली. थेट मुळांत! सांगू का? आधी बघतो.

१३ फेब्रु.
आणखी तीन डबे उकरले. सगळ्यांत हीच जात. एवढी आपोआप येतात होय? शेजारचा विणकर मल्लेशम टाकत असणार. माग थांबला की भिंतीवरून डोकं वर. 'काय बघता?' विचारलं तर, "फूल बघतो की. बघायला बी पैसे पडतेत काय?"

१६ फेब्रु.
निघालो होतो चहापत्ती आणायला, पोचलो तळ्यावर. गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं एक गळ मला दिला नि म्हणाला, गांडूळ लाव, मासा पळत येतो. घरी तर खाणच! एकेक करत बारा डबे साफ केले. मुळं खाणारी गेली, अक्कांचं भलं, माझी चैन. मासा काठावरच भाजला. हाताला तीनदा साबण. चहापत्ती राहिलीच.

४ मार्च
त्याच बारा डब्यांची पानं पिवळी. पाणी वर उभं राहतं, मग कडेनं पळून जातं. माती म्हणजे वीट. बाकीचे अठ्ठावीस कळ्यांनी भरलेत.
अक्का म्हणाल्या, "पाणी घालतूस का तळ्यावर हिंडतूस?" तळं कुणी सांगितलं यांना? मल्लेशमच.

५ मार्च
अक्कांनी चांगला डबा उलटा केला. माती चहाच्या चोथ्यासारखी मोकळी, गांडुळं वळवळतायत. मग पिवळा उलटा केला. नुसतं ढेकूळ, एकही नाही.
"मंगळवेढ्यास्नं आणली हुती मी, भावाच्या उकिरड्यातली. कुजका पाला खात्यात, शेण खात्यात. जित्या मुळाला तोंड लावत न्हाईत. पाण्याला वाट करत्यात बिचारी. कुणी काढली रं?"
मी भिंतीकडे बघितलं. बघायला नको होतं.
अक्का मल्लेशमवर कानडीत तुटून पडल्या, तो तेलुगूत. मला दोन्ही येत नाहीत. तरी सगळं कळलं.

८ मार्च
मल्लेशमच्या बायकोचा रोजचा गजरा बंद. तो भिंतीवरून हळूच, "मी काढलं न्हाय. तुला म्हाईत हाय." याला काय काय दिसलंय? अक्कांपुढं तोंड उघडलं तर पडवी गेली माझी.

१० मार्च
अक्का बाजारात. मोरीमागची ओली जागा खणून डालड्याचा डबा भरून गांडुळं आणली, बारा डब्यांत वाटून टाकली. वर शेणकाला नि पाला. भिंतीकडे बघितलं नाही.

२८ मार्च
पाच डब्यांना कोवळी पानं! पाणी मुरतंय. मातीवर बारीक काळ्या गोळ्या, त्यांचीच विष्ठा. उगाच नाचावंसं
दु. – वरचं अर्धं राहिलं. अक्का डबा उकरत होत्या, बोटात काहीतरी घुसलं. गळ. माझा. तिथंच बसून गांडूळ लावलं होतं ना मी, तेव्हाच पडला असणार.
अक्कांनी तो पदराला पुसला. पडवीत माझ्या सदऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला. 
सं. – मल्लेशमकडे गजरा गेला. दुप्पट लांबीचा. मला नेहमीची भाकरी, वर तूप. अडीच महिन्यांत कधी तूप नव्हतं.
पिशवी भरून ठेवलीय. पहाटे एस.टी. आहे, पाणीही पहाटेच घालायचं असतं.
पण तूप का वाढलं?