आईबहिणीवरून नाही

१२ तारीख, मंगळवार
दुकानातून, दुपारी

ती. ताईस,

नमस्कार. चार गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, असं म्हणशील. वेड लागलंय का, असंही म्हणशील. लागलेलं नाही. तुझा चष्मा तयार आहे. डाव्या डोळ्याचा नंबर थोडा वाढलाय, घाबरण्यासारखं काही नाही, वयच आहे ते. हिचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना कुरकुर ऐकू येते, ती गुडघ्याची की हिची, ते विचारायची माझी हिंमत नाही.

तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी दुकानात गर्दी आहे म्हणालो. गर्दी नव्हती. दुसऱ्या वेळी तर मी एकटाच होतो, एकच काच पुसत बसलो होतो.

भावोजींनी पंचाची शिट्टी कपाटात ठेवून दिली, पोरगी बापासमोर यायला तयार नाही, आणि तू मला म्हणालीस, "तू त्याच गॅलरीत बसतोस. हे सुरू कुणी केलं, एवढं शोधून दे." त्याच्यावर येतोच आहे. आधी फुटबॉल मैदानातल्या त्या गॅलरीबद्दल सांगतो, कारण तू कधी आत आली नाहीस.

आमच्या दुकानासमोरचे औषधवाले तुला माहीत आहेत. गिऱ्हाइकाला "बसा ना" म्हटल्याशिवाय गोळी देत नाहीत. रविवारी तेच लाईनमनच्या सात पिढ्या उद्धरतात. खाली मैदानात गोलकीपर स्वतःच्याच खेळाडूंना शिव्या घालतो, आमचा कप्तान समोरच्याच्या कानात काहीबाही बोलून त्याला चिडवतो, आणि वर आम्ही पाचशे माणसं दोघांनाही मागे टाकतो. दोन तास तोंड सोडायचं आणि मग घरी जाऊन सभ्यपणे जेवायचं. मला ते आवडायचं, ताई. खोटं कशाला सांगू.

तिथं माझं एक नाव आहे. तीन वर्षांपूर्वी एका पंचाने उघड उघड हॅण्डबॉल सोडला, तेव्हा मी ओरडलो होतो, "साहेब, या दुकानात! नंबर काढून देतो!" अख्खी गॅलरी हसली. तेव्हापासून मी 'चष्मा' झालो. दर रविवारी मागून कुणीतरी म्हणतं, "चष्मा, आज काय नवीन?" आणि मी आठवडाभर काच घासता घासता काहीतरी तयार ठेवायचो. मी कधी कुणाला आईबहिणीवरून शिवी दिली नाही. याचा मला माज होता. बाकीच्यांकडे बघून मनात म्हणायचो, हे अडाणी, मी मात्र डोकं वापरतो.

आता तो सामना. शेवटची पाच मिनिटं, एक-एक बरोबरी, आणि भावोजींनी आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. पेनल्टी बरोबर होती. आमच्या पोराने पाय घातला होता, मला दिसलं होतं. आमचा कप्तान त्यांच्या अंगावर धावून गेला, शिव्यांचा पट्टा सुरू. त्यांनी नेहमीसारखं बोटाने ठिपका दाखवला, एक शब्द बोलले नाहीत. मैदानात ते बोलतच नाहीत. शिट्टी, हात आणि कार्ड. तुला ते म्हणाले होते ना, शिट्टी अडखळत नाही म्हणून पंच झालो.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला. "पे-पे-पे-पेनल्टी!" दुसऱ्याने उचललं, मग टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी. भावोजी पंधरा वर्षं पंच आहेत, कधी गॅलरीकडे मान वर करून बघितलं नाही त्यांनी. त्या दिवशी बघितलं. शिट्टी ओठांतून सुटली आणि दोरीला लोंबकळत राहिली.

पेनल्टी आत गेली. आम्ही हरलो. बाहेर पडताना माझ्या पाठीवर किती थापा पडल्या ते मोजलं नाही.

शुक्रवारी तुझी लेक दुकानात आली. कुणीतरी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग स्पर्धेच्या समितीने चौकशीसाठी तुमच्याकडे पाठवलंय, ते तिने काउंटरवर ठेवून लावलं. "मामा, पहिला आवाज ऐक. ओळखतोस?" मी ऐकलं. नीट ऐकू येत नाही म्हणालो. तिने परत लावलं. मी परत तेच म्हणालो. मग ती म्हणाली, "मैदानात बाबा तोंडच उघडत नाहीत. मग ते 'प'वर अडखळतात हे बाहेरच्याला कसं कळलं? मीच एकदा मैत्रिणीला बोलून गेले होते. तिनेच सांगितलं असणार. माझ्यामुळे झालं, मामा." आणि ती रडायला लागली. मैत्रिणीशी तिने बोलणं टाकलंय, दोघी एकाच संघात खेळतात तरी.

मी तिला पाणी दिलं. "होतं असं," म्हणालो. एवढंच म्हणालो, ताई. ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसलो.

पाणी देताना मला तो दिवस आठवला. भावोजी पहिल्यांदा आपल्या घरी आले होते, माझ्याकडे बघून "पा... पा..." करत होते आणि मी शहाण्यासारखा पाणी आणलं. ते प्यायले बिचारे. परत "पा... पा...", मी परत पाणी. दुसरा पेला त्यांच्या हातात देईपर्यंत पाल माझ्या खांद्यावर पडली होती. सगळे हसले, सगळ्यांत जास्त ते स्वतः. ते गेल्यावर तू माझा कान धरलास आणि नियम केलास, त्यांचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही, कितीही वेळ लागो. आईनेही तो शेवटपर्यंत पाळला. ते 'प'वर अडखळतात हे आपल्या उंबऱ्याबाहेर त्या मैत्रिणीला माहीत असेल, पण ती पोर त्या दिवशी मैदानावर आलीच नव्हती. मी आलो होतो.

तो पहिला आवाज माझा आहे.

ठरवून नाही केलं, असं लिहिणार होतो. पण ठरवून नसतं तर तोंडात इतकं तयार कसं आलं? हरणार हे दिसत होतं, मागून कुणीतरी "चष्मा!" म्हणालं, आणि मी घरातलं सगळ्यात जपलेलं उचलून पाचशे माणसांपुढे फेकलं. हशा मिळाला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

परवाच्या रविवारी मी गेलो होतो. नवीन पंच होता, त्यालाही तेच चालू होतं. तो बिचारा अडखळतही नाही, त्याला कळेना हे काय आहे. सगळे माझ्याकडे बघत होते, मी सुरुवात करावी म्हणून. मी उठून बाहेर आलो. परत तिकडे जाणार नाही.

आईबहिणीवरून शिवी देत नाही म्हणायचो ना? दिली ती थेट बहिणीच्याच घराला लागली.

पत्र आत्ताच माणसाहाती पाठवतोय, लेकीला आजच सांग. हे पत्र वाचून संपल्या संपल्या सांग, तिने आणखी एक रात्रही हे स्वतःवर घ्यायला नको. तिने त्या मैत्रिणीकडे जावं. मला मामा म्हणायचं की नाही, ते तिने ठरवावं.

भावोजींना मात्र तू सांगू नकोस. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी येतो, त्यांना स्वतः सांगतो, आणि तिथूनच समितीकडे जाऊन माझं नाव देतो. ते दार लावून घेतील तर बाहेर उभा राहीन. तुझा चष्मा खिशात असेल, तो तरी घे.

आत्ता आरशासमोर बोलून बघितलं. "भावोजी, तो मी होतो." एवढंच आहे. 'तो'च्या पुढे जात नाही. उद्याही असंच झालं, तर तुला माझी कीव येईल आणि तू मध्ये बोलशील. बोलू नकोस. आपल्या घरचा नियम आहे. कितीही वेळ लागो, वाक्य माझं मला पूर्ण करू दे.

तुझ्या पाया पडायचंही तोंड न उरलेला,
तुझा धाकटा