मामांचे उघडे टॅब

३ फेब्रुवारी

चि. खटपटे,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यामाझ्यासारख्या ब्राउझरवेड्यांचं दुःख घरात कुणाला कळत नाही. चांगली गोष्ट सुचवायला जावं, तर तुझ्या मामीचं ठरलेलं उत्तर: पान उघडतंय ना, मग झालं. उद्या खिडकीला काचेऐवजी पत्रा ठोकला तरी हे लोक म्हणतील, वारा लागत नाही ना, मग झालं. ज्या खिडकीतून सगळं जग बघायचं, ती निवडायचासुद्धा यांना कंटाळा. छापखान्याच्या युनियनमध्ये जन्मभर मी हेच ओरडून सांगितलं की फुकट मिळतंय तिथे आधी विचारा, कोण देतंय आणि का.

असो, सभा संपली. तू येऊन फायरफॉक्स बसवून दिलास, तेव्हापासून जाहिराती बाजूला सारून नुसता मजकूर वाचतो. ताजं प्रूफ हातात आल्यासारखं वाटतं. तू विवाल्डी हा ब्राउझर वापरून बघ. दोन पानं शेजारी शेजारी लावून ताडता येतात.

आता पॉडकास्ट सुचव. माणसाच्या आवाजाबद्दल काही असेल तर ते आधी. फोन करू नकोस, लिही. फोनवर ऐकलेली नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. लोभ आहेच, तो चार ओळींत तरी दिसू दे.

मामा


९ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न. वि. वि.

विवाल्डी बसवला. दुसऱ्यांच्या वेबसाइट तपासून चुका काढणं हेच माझं पोट, त्यामुळे दोन पानं शेजारी दिसली की हात शिवशिवतात. शिफारस मान्य.

माझ्याकडून दोन पॉडकास्ट. एकात नटांना आवाज शिकवणाऱ्या बाई आहेत, तुम्हाला हव्या तशा. दुसरं माझं लाडकं: एक यंत्रदुरुस्तीवाली बिघडलेल्या यंत्राचा नुसता आवाज ऐकवते आणि दुखणं ओळखायला सांगते. परवा पंपाची घरघर होती. मी छातीठोकपणे बेअरिंग म्हटलं, निघाली पाइपात अडकलेली हवा. दीडपट वेगाने मात्र ऐकू नका. तुमची भाषणं कुणी तशी ऐकली असती, तर संप निम्म्या वेळात मिटले असते.

मामीशी परवा फोनवर बोलले. मागून तुमचा एकही टोमणा आला नाही. झोपला होतात का?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
खटपटी


१४ फेब्रुवारी

चि. खटपटे,
अनेक आशीर्वाद.

झोपलो नव्हतो, मौनात होतो. भल्या वक्त्याने अधूनमधून गप्प बसावं, श्रोत्यांची तब्येत सुधारते.

त्या बाईंचे सगळे भाग ऐकले. कुजबुजल्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो, असं त्या म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं. पंपाच्या बाबतीत मीही बेअरिंगच म्हटलं होतं, पण हे मामीला सांगू नकोस.

एक विचारायचं राहिलं. आपण काय शोधतो ते आपल्यापाशीच राहावं, कंपनीला नको, शेजाऱ्याला नको, म्हणून ब्राउझरमध्ये काय करावं? माणसाला एकट्याने घाबरायची सोय नको का?

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मीच आहे, आणि लाज वाटते. फायरफॉक्स बसवताना तुमच्या संगणकावर मी माझ्याच खात्यात शिरले आणि बाहेर पडायचं विसरले. काल ऑफिसातल्या फायरफॉक्समध्ये माझे टॅब बघत होते, तर खाली त्याच खात्यातले तुमचे उघडे टॅब. महिनाभर बसलेला आवाज. स्वरतंतूवरची गाठ. शस्त्रक्रियेनंतर बोलता येतं का.

पहिली ओळ दिसताच बंद करायला हवं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. आता खातं इथूनच तोडलं आहे. वाटेल तेवढं रागवा, पण फोन नको का म्हणत होतात ते मला कळलंय. मामीला सांगा आणि घशाच्या डॉक्टरांकडे जा.

अजून तुमचीच,
खटपटी


२१ फेब्रुवारी

चि. खटपटे,
अनेक आशीर्वाद.

रागावलो. ज्या पाळतीविरुद्ध मी गल्लोगल्ली बोलतो, ती माझ्याच भाचीने घरात आणून ठेवावी. दिवसभर धुमसलो आणि मग मामीला सांगितलं. तिला ते केव्हाच कळलं होतं, कुठलाही ब्राउझर न उघडता. तिनेच मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर मी माझे स्वरतंतू पाहिले. दोन पांढरट पट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा नाहीत. यांच्या जिवावर मी छपाईच्या यंत्रांच्या वर आवाज चढवत होतो. डॉक्टर नळी काढायला लागले, तर मी खुणेने थांबवलं. आणखी बघायचं होतं. डाव्या पट्टीवर गाठ आहे. येत्या गुरुवारी काढून तपासायला पाठवतील. आवाज कसा परत येईल, हे मी तीन तऱ्हांनी लिहून विचारलं. ते वचन देत नाहीत.

गुरुवारपर्यंत बोलणं बंद. फक्त एकदा, थोडा वेळ, जोर न लावता बोलायची परवानगी मी पाटीवर भांडून मिळवली आहे. ती मामीच्या विचारपुशीत घालवायची नाही, असं तीच म्हणते.

एकमेकांना पॉडकास्ट सुचवणं पुष्कळ झालं. आपला एक भाग करू: ब्राउझर कसा निवडावा, आणि तो बसवायला भाचीला का बोलावू नये. आवाज घोगरा येईल, मधेच तुटेल. तू तो साफ करायचा नाहीस, जोडायचा नाहीस. आहे तसाच राहू दे.

गुरुवारच्या आधी, या रविवारी सकाळी माइक घेऊन ये.

मामा