आतल्या वळणावरचं पाणी

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. इतकं वळणदार मला या जन्मी जमायचं नाही. बोलतेय मी, लिहितायत आपल्या शेजारणी, शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. शुद्धलेखन त्यांचं, आगाऊपणा माझा, असं आमचं ठरलंय. फोन का नाही केलास, म्हणशील. दोनदा केला. दोन्ही वेळा तू "आजी, गोळ्या घेतल्यास का" विचारलंस, मी "घेतल्या" म्हटलं, आणि सांगायचं ते राहूनच गेलं. शिवाय तोंडचं बोलणं तुमच्या बंदराच्या कचेरीत चालत नाही, तिथं कागद लागतो. उद्या सकाळच्या होडीनं हा कागद तुझ्या हातात पडेल. परवा शुक्रवारी ती नवी प्रवासी बोट भिंतीच्या खिंडीतून आत यायची आहे, पहिल्यांदाच, दोनशे माणसं घेऊन, तुझ्या नकाशावर विसंबून. तर हे शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत त्या नकाशावर सही करू नकोस.

"भिंत" लिहा म्हटलं तर बाईंनी पेनच खाली ठेवलं. म्हणे, नुसती भिंत नव्हे, रोधक प्रवाळभित्ती. मी म्हटलं, अहो, माझी नात समुद्र मोजून पोट भरते, तिला काय शिकवताय. मग त्यांनी मला शिकवलं. प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, मरतो, आणि त्याच्या घरावर दुसरा घर बांधतो. किनाऱ्याला चिकटून वाढते ती भित्ती वेगळी. जिच्यात आणि किनाऱ्यात रुंद पाणी असतं ती रोधक, कारण ती समुद्राला लांबच अडवते. मी म्हटलं, अडवते कुठली, लाटेचा माज उतरवते आणि पाणी आत सोडते, चांगल्या सासूसारखी. बाई हसल्या नाहीत, त्यांना तीन सुना आहेत. पण एक गोष्ट बाईंच्या पुस्तकात नाही, ती मला ठाऊक आहे. भिंत बाहेर असली तरी तिची पिल्लं आतल्या शांत पाण्यातही डोकं वर काढतात. स्वच्छ पाण्यात ती तपकिरी दिसतात, माणूस चुकवतो. खिंडीतून आत आल्यावर बंदराकडे वळतो त्या आतल्या वळणावर ओढ्याचा गाळ येतो, तिथं काही दिसत नाही.

तुझे आजोबा वाटाडे होते हे तुला सगळ्यांनी सांगितलंय. होडीच्या पुढच्या टोकाला मी बसायचे, हे कुणी सांगितलं नसेल. दोराला शिशाचा गोळा, आणि वाव-वावभर अंतरावर गाठी. वाव म्हणजे माझे दोन्ही हात पसरून होतं तेवढं. गाठी मीच मारलेल्या, दर वावेला वेगळी, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. मी गोळा सोडायचे, गाठ चाचपायचे, आकडा ओरडायचे, आणि हे मागं वल्हं मांडीखाली दाबून वहीत लिहायचे. मला अक्षर येत नाही, पण त्या वहीतलं एकेक पाणी माझ्या बोटांतून गेलंय. संसारात यांनी माझं एवढं एकच ऐकलं. पुढं त्या वहीवरून लोकांनी होड्या हाकल्या, आणि आता ती तुमच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहे म्हणे.

गेल्या रविवारी तू सांगितलंस की खिंड यंत्रानं मोजून झाली, पण आतलं वळण राहिलं, यंत्र बिघडलं, म्हणून तिथला आकडा आजोबांच्या वहीतून घेतला. पाच वाव. वर म्हणालीस, आजोबांची वही म्हटल्यावर साहेबांनीसुद्धा हरकत घेतली नाही. किती खूश होतीस तू. मी "शाब्बास" म्हटलं आणि फोन ठेवला. दूध उतू गेलं तरी उठले नाही.

बाई, आता मी सांगते ते जसंच्या तसं लिहा, नीटनेटकं करू नका. त्या वळणावर मी गोळा सोडलाच नव्हता. तुझा बाप पोटात होता, तिसरा महिना, सकाळपासून आतडी तोंडाशी येत होती. परत फिरा म्हटलं तर हे म्हणाले, एवढं वळण राहिलंय. मला राग आला. दोर मांडीवर ठेवूनच मी ओरडले, "पाच." यांनी लिहिलं. त्याच वर्षी त्या जागी वरवर सोडलेलं आमचं जाळं खाली अडकून फाटलं. जाळ्यात हातभर प्रवाळाचा तुकडा आला, तो मी यांना न दाखवता पाण्यात टाकला, आणि ओंडका लागला असं सांगितलं. आपल्या होड्या उथळ, त्या वरून निघून गेल्या. या बोटीचं पोट खोल आहे. खाली किती पाणी आहे ते मला आजही माहीत नाही, पण पाच वाव नाही. तिथं स्वतः मोज, नाहीतर बोट थांबव. साहेबांना हे पत्र दाखव. लोक आजोबांना नावं ठेवतील. ठेवोत, पण आकडा माझा होता हे आधी सांग. चार दिवस मी सांगेन सांगेन म्हणत माघार घेतली. आज मुद्दाम बाईंनाच लिहायला बसवलं. त्यांची धाकटी लेक त्या बोटीनं येतेय, हे मला माहीत होतं. बाईंचं पेन आत्ता थांबलं होतं, माझ्याकडे बघत होत्या, आता पुन्हा लिहायला लागल्यात. आता मी फाडते म्हटलं तरी त्या हे पत्र फाडू देणार नाहीत.

तुझीच,
पाण्यात गोळा न सोडलेली,
आजी