सासऱ्यांची तीननळी

१२ सप्टेंबर
सासऱ्यांची बंदूक घरी आणली. दोन नळ्या छऱ्यांच्या, खाली तिसरी गोळीची. त्यांच्या आजोबांची. गोळीचं काडतूस कधीच बाजारातून गेलं, आणि कुठलं होतं तेही कुणाला आठवत नाही. मी म्हटलं, "काडतूस ओळखतो आणि घरीच भरून देतो." सासऱ्यांचे, इग्नाझबुवांचे, डोळे पाणावले. मोतीबिंदूही असेल. नजर जात चाललीय, या हिवाळ्यात परवाना परत करणार. त्याआधी ३ नोव्हेंबरला, शिकाऱ्यांचा संत सेंट ह्युबर्ट याच्या दिवशीच्या शिकारीला, याच बंदुकीनं एक शेवटचं हरण.

रीत अशी: हरण पडलं की त्याच्या तोंडात स्प्रूसच्या झाडाची डहाळी, शेवटचा घास. दुसरी डहाळी मारणाऱ्याच्या टोपीत, अभिनंदन करून. सासऱ्यांच्या टोपीत ती मी खोचणार. भाषण तयार आहे.

१४ सप्टेंबर
नळीवर नुसता एक आकडा. काडतूस नजरेनंच ओळखलं. मोजमापं नवशिक्यांसाठी.

२१ सप्टेंबर
काडतुसाची पितळी खोळ कापली, घासली, नळीत घातली. अर्ध्यात अडकली. जुन्या कारागिरांना शिस्तच नव्हती.

२८ सप्टेंबर
शिकारी क्लबातल्या जाणत्या हेडविगबाईंनी सल्ला दिला. (मी मागितला नव्हता. विषय काढला होता.) गरम पाण्यातही वितळेल असा धातू नळीच्या मागच्या टोकात ओतायचा, साचा काढायचा, तो मोजायचा. "पण अर्ध्या तासाच्या आत काढ हं! आधी आकसतो, मग फुगून बसतो." मला हे माहीत होतंच.

२९ सप्टेंबर
सकाळी ओतला. तेवढ्यात बायकोनं, बुर्गीनं, प्लम भरलेले उकडीचे गोळे केले. ते गार होतात, धातू काय पळून जातोय? जेवलो. जरा आडवा झालो.

साचा हलत नाही. बुर्गी म्हणाली, "बाबांची बंदूक आहे ती, लोरेंझ. खेळणं नाही." बायकोनं असं बोलू नये.

३० सप्टेंबर
उकळतं पाणी ओतत बसणं हा उपाय हेडविगबाई सांगतील. आणि हसतील. म्हणून फोन नाही. गॅसचा टॉर्च घेतला. अगदी मंद.

मग मंद नाही.

धातू वितळून आला. पाठोपाठ तिन्ही नळ्यांना धरून ठेवणारा शंभर वर्षांचा डाखही आला.

१ ऑक्टोबर
एक फायदा झाला. सुट्या नळ्या साफ करायला सोप्या.
जेवण गेलं नाही.

५ ऑक्टोबर
सुट्या नळीत पुन्हा साचा घेतला. वेळेत काढला. देखणा! काडतूस अचूक ओळखलं. आता भरायला घेणार.

१४ ऑक्टोबर
सासऱ्यांचा फोन. "काय जावईबापू, कुठवर आलं?" म्हटलं, "फक्त जोडणी राहिलीय." हे खोटं नाही. तरी फोन ठेवल्यावर सुट्या नळ्या पोत्यात घालून ठेवल्या. लाज वाटते. उद्या सांगतो.

१५ ऑक्टोबर
आज पाऊस. अशा बातम्या पावसात देऊ नयेत.

२६ ऑक्टोबर
दोन बंदूककारांना दाखवली. पहिला म्हणाला, "कोणी केलं हे?" मी म्हटलं, एका मित्रानं. दुसऱ्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दोघांचंही म्हणणं एकच: नळ्या वाकल्यात, पुन्हा बार काढायचा नाही.

२ नोव्हेंबर
आज नक्की सांगणार होतो. बुर्गी म्हणाली, "बाबांनी नवी टोपी घेतलीय." नाही सांगितलं. मी नालायक माणूस आहे. उद्या शिकारीला जाण्याआधी.

३ नोव्हेंबर
सासरे पहाटेच अंगणात हजर, हिरव्या कोटात. मी पोतं आणून टेबलावर ठेवलं. त्यांना दिसेना म्हणून त्यांनी हातानं चाचपलं. एक नळी. मग दुसरी. मग तिसरी.

मी बोलायला लागलो. ते म्हणाले, "असू दे."

कुंपणाच्या स्प्रूसची एक डहाळी त्यांनी मोडली. नवी टोपी काढून बगलेत धरली. डहाळी खालच्या नळीच्या तोंडात खोचली. शेवटचा घास.

मग दुसरी डहाळी मोडली. चाचपत माझी टोपी शोधली, तिच्यात नीट खोचली आणि माझा हात हातात घेऊन दाबला.

"अभिनंदन, जावईबापू."

डहाळी अजून टोपीत आहे. काढायची हिंमत होत नाही. काडतुसं उत्तम झालीत, तेवढं सांगायचं राहिलं.