चोवीसपैकी अकरा

दि. ४ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत नाही, म्हणून टॅबवर लिहिते आहे. बातमी मोठी आहे. बाबांचे मार्क वाढले. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं म्हणून आयसीयूत नेलं, तेव्हा पलंगामागच्या फळ्यावर पाच लिहिले होते. काल आठ झाले आणि आज चोवीसपैकी अकरा. पास व्हायला आता कितीसे उरले? डॉक्टर मास्कमधून पुटपुटतात, मी आपली मान डोलावते. पण फळा मला लांबूनही वाचता येतो, जन्म गेला फळ्यापुढे.

झोपेच्या औषधाने बाबांचे डोळे मिटलेले असतात. तरी कानाशी जाऊन सांगते, शाब्बास, अजून वाढवा. आज दोन नवी यंत्रं जोडली, म्हणजे मंडळींचं लक्ष आहे. खुशीत सगळ्या सिस्टरांना चॉकलेटं वाटली. त्या जरा गोंधळल्या, लाजाळू असतील.

तू परीक्षा सोडून धावत येऊ नकोस. आपल्या घरात आजवर कोणी नापास झालेलं नाही.

तुझी आई


दि. ४ मार्च, संध्याकाळ

ती. आईस,
सा. न.

आई, बसून वाच. हे मार्क नाहीत. आमच्या आयसीयूत मीही रोज पेशंटचा हाच स्कोअर काढते. फुप्फुसं, हृदय, मेंदू, यकृत, किडनी आणि रक्त गोठणं, प्रत्येकाला शून्य ते चार. जितका बिघाड जास्त, तितका आकडा मोठा. अकरावर पोचलेली जवळजवळ निम्मी माणसं घरी परतत नाहीत. तुझ्यापासून लपवलं तर तू मला कधीच माफ करणार नाहीस, म्हणून स्वच्छ लिहिते.

तिथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलले. रक्तातला जंतू कोणता ते आज कळलंय आणि नेमकं औषध सुरू झालंय. आता आकडा कुठल्या बाजूला जातो ते बघायचं. तुला ऐकू येत नाही हे त्यांना सांग, लिहून द्यायला सांग. मला भीती वाटते आहे. परीक्षा पुढच्या वर्षीही असते, उद्याच्या गाडीने निघते.

तुझी ठमी


दि. ६ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद. तू गाडीत असशील, तिथेच वाच.

तुझं पत्र बसूनच वाचलं, दोनदा. मग तुम्हा डॉक्टर लोकांचा राग आला. उलटे मार्क द्यायची ही कुठली तऱ्हा? एवढ्या संसारात या माणसाने माझं कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे.

काल कानाशी जाऊन बजावलं, पुरे झालं, आता उतरवा, शून्य आणा, मी कोणाला सांगणार नाही. आज सकाळी फळ्यावर नऊ. ठमे, नऊ. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की रक्तदाब टिकवायचं औषध कमी केलंय आणि लघवीही थोडी सुटली आहे. कोणाचे मार्क कमी झाले म्हणून मी अशी कधी नाचले नव्हते. सिस्टरही हसल्या.

लोभ तेवढा वाढव, बाकी सगळं कमी होऊ दे.

तुझी आई


दि. २९ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

श्वासाच्या नळीने घसा बसलाय, आवाज फुटत नाही, म्हणून लिहितो. अक्षर बघून हसू नकोस. तू येऊन आठवडाभर उशाशी होतीस म्हणे. मला काही आठवत नाही, राग धरू नकोस. किडनी अजून पूर्ण ताळ्यावर नाही आणि खुर्चीपर्यंत जायला दोघांचा आधार लागतो. पण आकडा दोनवर आलाय आणि उद्या घरी सोडताहेत. इतक्या कमी मार्कांवर इतकं कौतुक आजवर कोणाचं झालं नसेल.

तुझ्या आईला मात्र एक घोर लागलाय. आधी वाढवा म्हटलं, त्यानेच बिघडलं का, असं सारखं विचारते. तिला मी लिहून दिलं तेच तुलाही सांगतो. मला शब्द एकही कळत नव्हता. वाढवा म्हणत होती की उतरवा, पत्ता नाही. फक्त कोणीतरी सारखं काहीतरी सांगतंय आणि ती हीच आहे, एवढं कळत होतं. तिचं काय काम आहे ते विचारायला परत आलो.

आहे तो लोभ असाच राहू दे.

तुझे बाबा