जळकोटात उभी असलेली गाडी

भूम,
दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. कृष्णराज यास,

आबांचा आशीर्वाद. इकडे आम्ही उभयता कुशल आहोत. तुझ्या आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. उडीद शेंगांवर आला आहे. पुण्यात तुम्हा सर्वांची प्रकृती उत्तम असेल, असे समजतो.

तुझा रोमन लिपीतील संदेश पोहोचला. त्यात एकही विरामचिन्ह नव्हते, तरी आशय कळला. आपल्या गाडीच्या इंटरनेट सेवेची फुकट वर्षे या महिन्यात संपत आहेत. पुढे वर्गणी भरावी लागेल. 'सेफ्टीसाठी' ती भरलीच पाहिजे आणि ती तूच भरशील, असे तू कळवले आहेस. एका वर्षाची ही वर्गणी म्हणजे खताची तीन पोती. हयातभर मी व्याकरण शिकवले. एखादा शब्द वाक्यात कोणते काम करतो, हे तपासल्यावाचून मी तो तेथे राहू दिला नाही. या वर्गणीलाही मी तोच न्याय लावला आहे.

गाडी हवामान सांगते. ते मला अंगणातून दिसते. गाणी लावते, तुझ्या आईला ती ऐकवत नाहीत. घरात बसून फोनवरून गाडी थंड करता येते. ती आपला चालक रामहरी झाडाखाली लावतो. वाट सांगणारी बाई भूमला 'बूम' म्हणते. मी तिला दोनदा दुरुस्त केले. तिसऱ्यांदा ती पुन्हा 'बूम' म्हणाली, तेव्हा रामहरी स्टिअरिंगवर हात ठेवून हसू लागला. "गुरुजी, हिला छडी लागत न्हाय."

म्हणजे माझ्यासाठी या सेवेत काहीही नाही. ती तुझ्यासाठी आहे, हे मला उशिरा कळले. गाडी माझ्या पैशाची, कागद माझ्या नावाचे. परंतु ताब्यात घेताना "आबा, तुम्हाला ओटीपी जमायचा नाही" असे म्हणून तू शोरूममध्ये स्वतःचा नंबर दिलास. त्या दिवसापासून पुण्यात बसून तू मला पाहत आला आहेस. मी ईटला सोयऱ्यांकडे गेलो की संध्याकाळी तुझा फोन येई, "काय आबा, ईटला काय काढलं?" ती तुझी काळजी आहे, असे मी मानत होतो.

नागपंचमीविषयी मी लिहिणार नव्हतो. पण वर्गणीचा निर्णय तिच्यावाचून पूर्ण होत नाही.

दीपमालेने शिवानंदशी लग्न केले, ते लिंगायताचे घर म्हणून तू बहीण मेली असे जाहीर केलेस. पंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो आणि तो मान भावाचा. सहा पंचम्या तिच्या दारात मुराळी गेला नाही. यंदा मी वाट पाहणे सोडले. आदल्या दिवशी रामहरीला घेऊन तिचे सासर, जळकोट गाठले.

विहीण चन्नम्माबाईंनी मला आग्रहाने जेवू घातले. दीपमालेची ओटी भरली. ती नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसली, निरोप द्यायला आळीतल्या बाया दारात आल्या आणि गाडी सुरू होईना. पडद्यावर अक्षरे आली : मालकाच्या आज्ञेवरून इंजिन बंद करण्यात आले आहे. गाडी चोरीला गेल्यास वापरावयाची सोय तू बापावर वापरलीस. पाठोपाठ तुझा फोन आला. माझा फोन गाडीशी जोडलेला होता, म्हणून तुझा आवाज गाडीच्या स्पीकरमधून निघाला आणि काचा उघड्या होत्या.

"आबा, ती आपला उंबरा ओलांडणार नाही. तिला खाली उतरवा. लगेच गाडी चालू करतो."

संपूर्ण आळीने ते ऐकले. दीपमाला पिशवी घेऊन उतरली आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "आबा, तुम्ही जावा. अंधार पडंल." मग तिने हळदीकुंकवाचे बोट डोळ्याला लावले, कुंकू गालभर पसरले. मी ते पाहिले आहे. तू पाहिलेले नाहीस.

तू गाडी चालू केलीस. अर्ध्या तासाने ती पुन्हा बंद झालेली आणि तेथेच उभी असलेली तुला फोनवर दिसली. बाप रुसून विहिणीकडे मुक्कामाला राहिला, असा निष्कर्ष तू काढलास आणि भावकीत फोन करून सांगितलेस, की जिरवली. त्या रात्री आईला तू विचारलेस, "ती आली नाही ना?" आई म्हणाली, "गाडी कुठंय ते तुला दिसतंय की बाबा." तुला ती जळकोटात दिसत होती. तू निर्धास्त झोपलास.

आता ऐक. चन्नम्माबाई म्हणाल्या होत्या, "गुरुजी, गाडी ऱ्हाऊ द्या की हितं. पोरीला न्या." रामहरीला गाडी बंद करायला सांगून मी उतरलो, दीपमालेच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही तिघे रस्त्यावर येऊन एस.टी.त बसलो. रामहरी सांगत होता, "हिला कोन बंद करतंय बघू मोबाइलवरनं!" आणि कंडक्टर विचारत होता, कोणाला? तू आईशी बोलत होतास, तेव्हा दीपमाला तिच्या शेजारी बसून पदर तोंडात धरून हसत होती. दुसऱ्या दिवशी ती आपल्या लिंबाच्या झोक्यावर दुपारपर्यंत होती. आठ दिवस राहिली. तू आठही दिवस पहारा केलास, रिकाम्या गाडीवर.

काल मी धाराशिवच्या शोरूममध्ये गेलो. तेथील मंजुषाबाईंनी तुझा नंबर बदलून माझा लावला आणि विचारले, "आजोबा, साहेबांचं नाव पुरतंच काढू का?"

"काढू नका. त्यांना दिसू द्या. हात लावता येऊ नये."

"म्हंजे नुसतं बघत बसायचं?"

"नुसतं बघत बसायचं."

निर्णय असा : वर्गणी भरण्यायोग्य आहे. जितक्या वर्षांची घेतात, तितक्या वर्षांची मी भरली आहे. गाडी दीपमालेच्या नावावर करण्यासाठी अर्ज दिला आहे. ती म्हणाली, "आबा, जाऊ द्या आता, भाऊ हाय." मी जाऊ देणार नाही. या सेवेत तुझे नाव असेच राहील, या अटीवरच मी तिला गाडी दिली आहे.

यापुढे तुला रोज दिसेल. गाडी जळकोटच्या बाजारात दिसेल, शिवानंदच्या शेतात दिसेल, दिवाळीत आपल्या दारात दिसेल. तिच्यात कोण बसले आहे, आणि तुझा बाप कोणाच्या घरी जेवतो आहे, हे मात्र या वर्गणीत कळत नाही.

दीपमालेचा बाप,
आणि नाइलाजाने तुझाही,
बब्रुवान